इरुकटोल्याची पेटी

चंद्रपूर,
१२ जानेवारी १९८६

प्रिय रंभाबाई,

सप्रेम जयभीम. दिवाळीच्या पत्रात तू विचारलं होतंस, की एवढा शिकूनसवरून हा खुशाल चंद्रपुरात नेमकं करतो तरी काय. आज सांगतो, आणि लगे हात तुलाही कामाला लावतो. मावसभाऊ असल्याचा एवढा तरी फायदा.

आमच्या संस्थेनं दोन वर्षांपूर्वी दवाखान्यापासून लांबच्या एकतीस गावांना प्रथमोपचाराच्या पेट्या दिल्या आणि चार दिवसांचं शिबिर घेतलं. इरुकटोल्याची पेटी तुझ्याच बालवाडीत आहे. आता आम्हाला मोजायचं आहे, की अशा आडरानात कुणावर प्रसंग आला तर आपण उपचार करू शकू, याची तिथल्या माणसांना स्वतःबद्दल किती खात्री वाटते. त्यासाठी एक पत्रक केलं आहे, आणि ते मी केलं आहे! वीस प्रश्न. हाड मोडलं, साप चावला, भाजलं, अस्वलानं ओरबाडलं, असे. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात खात्री नाही, पाच म्हणजे पूर्ण खात्री.

सोबत सायक्लोस्टाईल केलेली वीस पत्रकं आहेत. वीस जणांची भरून पाठव. जो जे बोलेल तेच लिही. स्वतःचं डोकं लावू नकोस, तुला ती सवय आहे. आणि लोकांना सांग, ही परीक्षा नव्हे. यातून कुणाचं काही जाणार नाही.

तुझा,
खुशाल


इरुकटोला,
९ फेब्रुवारी १९८६

चि. खुशाल,

जयभीम. तुझा गठ्ठा पोस्टमननं आठवडाभर सायकलला बांधून गावोगाव हिंडवला आणि मग माझ्या पदरात टाकला. पत्रकं भरली. एक दिवस बालवाडी बंद ठेवावी लागली, ते पाप तुझं.

पहिलं पत्रक बुधरीबाईचं. तू तिला पाहिलेलं नाहीस. मडाव्यांची बुधरी, वय पन्नासच्या पुढे, अक्षरओळख नाही. आसपासच्या पाच टोल्यांत, म्हणजे वाड्यांत, कुणाचं हाड मोडलं की बाज हिच्याच दारात उतरते. शिबिरात तिनं ऐकलं कमी आणि पाहिलं जास्त. पण तेव्हापासून जखम उकळलेल्या पाण्यानं धुतल्याशिवाय बांधत नाही, आणि साप चावलेल्यापाशी कुणी ब्लेड घेऊन आला तर त्याच्या हातावर फटका देते. पेटी उघडते ती, मी फक्त वहीत नाव लिहिते. दोन वर्षांत सत्तेचाळीस नावं झाली.

तर मी विचारलं, "बुधरीबाई, मोडलेला हात बांधता येईल याची तुम्हाला किती खात्री?"

ती हसली. "मी कोण व? मले काय येते?"

"आणि अस्वलानं ओरबाडलं तर?"

"मले काय येते बाई, मी तं नुसता हात लावतो."

वीस प्रश्न, वीस वेळा हेच. मी वीस वेळा एक लिहिला, कारण जे बोलतील तेच लिही असा तुझा हुकूम. बाकीच्यांनी तिचं पाहून तेच सांगितलं. एकट्या बुधूनं ओळीनं पाच-पाच सांगितले. बुधूला कोंबडं कापताना पाहिलं तरी घेरी येते.

तुझ्या पत्रकात शेरा लिहायला जागा नाही म्हणून इथे लिहिते, नीट वाच. या गावात ज्याला येतं तो 'मला येतं' म्हणत नाही. म्हटलं तर हाताचा गुण जातो, असं मानतात. बोलावणारा दारात येऊन 'चाल' म्हणतो, ती 'मी कोण' म्हणते, आणि म्हणता म्हणता पदर खोचून उठते. हे तुझ्या साहेबांच्या कानावर घाल.

माझं पत्रक मीच भरलं. चार-चार लिहिणार होते, पण बुधरीच्या एकाशेजारी माझा चार लिहायला हात धजेना. सगळीकडे दोन लिहिले.

रंभाबाई


चंद्रपूर,
५ मार्च १९८६

प्रिय रंभाबाई,

जयभीम. पत्रकं मिळाली. एकही रकाना रिकामा नाही, साहेबांनी सगळ्या कार्यालयाला दाखवली. एकतीस गावांचे निकालही लागले आणि ते इतके लख्ख आहेत की साहेब त्यावर दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचणार आहेत. मदतनीस म्हणून खाली माझं नाव!

तुझ्या गावाची सरासरी सव्वा आली. एकतीसात शेवटची. वाईट वाटून घेऊ नकोस, कुणीतरी शेवटी असणारच. सगळ्यात वर कोण असेल? नाक्यावरचं तेंदूपत्त्याचं गोदाम, पेटी नसूनही तुलनेसाठी विचारलेलं. तिथला मुंशी मुखरू याला पाचपैकी पाच.

तुझी टीप वाचून गंमत वाटली. पण बाई, टीप आकड्यात बसत नाही. एका गावाची टीप घेतली तर तीस गावांच्या घ्याव्या लागतील.

आता संस्थेनं ठरवलंय की तीनच्या खाली सरासरी असलेल्या गावांच्या पेट्या, जिथे लोकांना खात्री आहे तिथे हलवायच्या. वापरायचा धीरच नसेल तर पेटी पडून काय कामाची? तुमची पेटी मुखरू मुंशीकडे जाईल. अकराच कोस, नव्हे, अकराच किलोमीटर आहे. १४ तारखेला जीप येईल, पेटी काढून ठेव.

तुझा,
खुशाल


इरुकटोला,
१७ मार्च १९८६

खुशाल,

'चिरंजीव' लिहायला हात आला नाही.

जीप आली. बुधरीबाईनंच पेटी डोक्यावर घेऊन जीपपर्यंत नेली. तिला वाटलं औषधं भरायला नेत आहेत. जीपवाला म्हणाला, "बाई, आता ही येत नाई." तिनं मला विचारलं, "काऊन? मी काई फोडलं का?"

तिला काय सांगू? तुला पाचपैकी एक मिळाला म्हणून? तू लिहिलं होतंस ना, यातून कुणाचं काही जाणार नाही? मी एकोणीस घरी जाऊन तुझं ते वाक्य तुझ्या नावानिशी सांगितलं होतं. आज त्याच घरांसमोरून पाणी आणायला जाते तेव्हा मान खाली घालते.

'अकराच' किलोमीटर लिहितोस. मध्ये नाला आहे, पुढे चढ आहे, आणि रस्ता म्हणावा असं काही नाही. तू नकाशावर बोट ठेवून मोजलंस, इथे ते रक्त गळणाऱ्या माणसाला बाजेवर घेऊन मोजावं लागतं.

आणि टीप वाचून तुला गंमत वाटली! अरे, तुझी आई कोण होती? गिरजामावशीनं मूल तालुक्यातली शंभरावर बाळं सोडवली. तिला बोलवायला कुणी आलं की काय म्हणायची? दारामागे उभा राहून तूच तिची नक्कल करायचास. विसरलास की शिकलास म्हणून विसरावं लागलं?

वही माझ्याकडे आहे. ती तुमच्या यादीत नव्हती म्हणून मी दिली नाही. सत्तेचाळीस नावं आणि त्यांच्यापुढे सत्तेचाळीस अंगठे, बरे झाल्याचे. एकदा येऊन हे मोज. पेटी परत पाठव. महुआ लागला आहे, मोहाची फुलं वेचायला पहाटे बायापोरी रानात जातात, आणि महुआ अस्वलालाही आवडतो.

रंभा


चंद्रपूर,
३० मार्च १९८६

प्रिय रंभाबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझा राग समजू शकतो, पण तू भावनेनं लिहितेस. संस्थेचे निर्णय एका गावाकडे पाहून होत नसतात.

वहीचं साहेबांशी बोललो. ते म्हणाले, सत्तेचाळीस अंगठे म्हणजे ऐकीव पुरावा. मापन ते मापन. तरीही तुझ्यासाठी एक मार्ग काढला आहे. ऑक्टोबरात फेरमापन आहे. तोवर गावाचा आत्मविश्वास वाढव. रोज बालवाडीत बायकांना बसवून 'मला येतं' असं म्हणायला शिकव. बुधरीबाईंना समजाव की संकोच हा मागासपणा आहे. सरासरी तीनच्या वर गेली की पेटी आपसूक परत.

आईचा विषय काढायला नको होतास.

तुझा,
खुशाल


इरुकटोला,
१४ एप्रिल १९८६

खुशाल,

आज जयंती. सगळी माणसं नाक्यावर गेली आहेत, मी गेले नाही. नाक्यावर गेलं की ते गोदाम दिसतं.

मंगलीला अस्वलानं फाडलं. मंगली म्हणजे बुधरीबाईची सून, एकोणीस वर्षांची. मंगळवारी पहाटे महुआ वेचायला वाकली होती, मागून आलं. कपाळावरची कातडी डोळ्यावर लोंबत होती. तिचा नवरा पोचू तिला पाठीवर घेऊन आला आणि अंगणात ठेवून मटकन खाली बसला.

बुधरी माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "पेटी?"

पेटी नाही हे तिला माहीत होतं रे. सवयीनं तोंडातून गेलं.

मग ती "येर, येर" म्हणून ओरडली. पाणी, पाणी. चूल पेटवून मडकं ठेवलं, मिठाचं पाणी उकळून निवू घातलं. मी मंगलीचं डोकं मांडीवर धरून जखमेवर पदर दाबून बसले. लुगडं सकाळीच नेसलेलं, पण शेणाच्या अंगणात लोळलेलं. पेटीत धुतलेलं, पाकीटबंद कापड असायचं, एका हिसक्यात फुटायचं. ते नव्हतं म्हणून एक जुनं लुगडं फाडलं, उकळलं, पिळलं. बुधरीनं कातडी जागेवर बसवली, बांधली, तिचा हात एकदाही हलला नाही. तुझ्या पत्रकातला चौदावा प्रश्न तो. तिनं त्याला एक सांगितला होता.

पोचूला पेटी आणायला पुढे पळवलं. आम्ही सहा जणांनी बाज उचलली आणि मागून निघालो. नाला ओलांडून चढ चढून गोदामापाशी पोचलो तेव्हा पोचू दारातच उभा होता, रिकाम्या हातांनी. पेटी आत भिंतीला लावलेली दिसत होती. तिला कुलूप, कुलपावर लाखेचा शिक्का, आणि वर तुमच्या संस्थेची चिठ्ठी, 'तपासणीशिवाय उघडू नये'. चावी तुमच्या जीपवाल्याकडे. तुझा पाचपैकी पाचवाला मुखरू मुंशी भिंतीला टेकून उभा होता.

मी दगड उचलला आणि कुलूप तोडलं. एका घावात नाही तुटलं, पाच लागले. तू पाच मोजतोस ना, हे पण मोज.

बुधरी पेटीतलं सामान काढत होती तेव्हा मी मुखरूला धरलं. "पाच काऊन लिहिले रे तू? कधी एक पट्टी तरी बांधली का?"

तो रडायला लागला. "बाई, कागद ठेकेदाराच्या समोर भरून घेतला. नाई येत म्हटलं असतं तं म्हणाला असता, याले काईच येत नाई, काढा याले. लेकरंबाळं हायेत मले. मी काय करू?"

त्याला मारायला उचललेला हात मी खाली घेतला. बिचाऱ्यानं भाकरीसाठी पाच लिहिले, बुधरीनं हाताचा गुण राखायला एक सांगितला, आणि तुम्ही दोन्हींवर शिक्का मारून पेटी इकडची तिकडे केली.

ट्रक मिळाला, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मंगली जगेल. उजवा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, बांधणाऱ्या हातानं जीव वाचवला. जखमेत घाण गेली, जखम पहिल्या तासात स्वच्छ कापडानं झाकली असती तर डोळा राहण्याची आशा होती.

तुला आठवतं, तू सात वर्षांचा होतास, धानाच्या बांधीत विळा तुझ्या पायात घुसला होता. मी तुला पाठीवर घेऊन गावापर्यंत धावले. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि मला कसलीही खात्री नव्हती. खात्री नव्हती तरी तुझा पाय आज जागेवर आहे.

तुला विचारायचंच होतं तर एक प्रश्न पुरे होता. 'तुझ्यावर वेळ आली तर कुणाला हाक मारशील?' एवढं विचारलं असतंस तर गावानं एका तोंडानं उत्तर दिलं असतं. मुखरूनंसुद्धा.

मला उत्तर पाठवू नकोस.

रंभा


चंद्रपूर,
२ मे १९८६

बाई,

उत्तर पाठवू नको म्हणालीस, तरी पाठवतो. नंतर फाडून टाक.

आधी लाजिरवाणं काम. सोबत संस्थेचा कागद आहे. कुलूप तोडल्याबद्दल तुझ्याकडून खुलासा मागितला आहे. तो पाठवायचं काम माझ्याकडेच होतं. मी साहेबांना तुझं सगळं पत्र वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, दुर्दैवी आहे, पण निबंध गेला, आता आकडे बदलता येत नाहीत. मग म्हणाले, पत्रक निर्दोष आहे, लोकांना उत्तरं देता आली नाहीत.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगतो. 'तीनच्या खाली पेटी काढायची' हे संस्थेनं ठरवलं असं मी लिहिलं होतं. ती रेघ मी मारली. जानेवारीतच मारली होती, तुला पत्रकं पाठवण्याच्या आधी. साहेबांनी विचारलं, कुठे रेघ मारू या? मी म्हटलं, तीन. का तीन, ते मलाही माहीत नाही. मधला आकडा म्हणून. 'कुणाचं काही जाणार नाही' लिहिताना मला माहीत होतं की जाणार आहे. इरुकटोल्याचं जाईल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

आई काय म्हणायची ते मी विसरलो नव्हतो, बाई. कुणी दारात आलं की म्हणायची, "मले काय येते बापा," आणि म्हणत म्हणतच कंदील घ्यायची. तुझी टीप वाचली तेव्हा ती मला दिसली होती. पण कार्यालयात ते बोलायची लाज वाटली. दाईचा पोरगा म्हणून हसतील असं वाटलं.

रविवारच्या एसटीनं निघतो. मुखरूकडून पेटी घेऊन पायी येईन. हुकूम नाही, परवानगी मागितली नाही. बुधरीबाईंच्या पायावर डोकं ठेवू दे. तू दार लावून घेतलंस तरी मी ओसरीवर बसेन.

खुशाल


इरुकटोला,
२६ नोव्हेंबर १९८६

खुशाल,

सहा महिने तुला पत्र लिहिलं नाही, मुद्दाम. तुझी चार आली. तुला नोकरीवरून काढल्याचं कळलं. वाईट वाटलं, पण फार नाही. ऊर्जानगरला शिकवण्या घेतोस ते बरं आहे. मुलांना गुण देताना जपून दे.

मे महिन्यात तू पेटी डोक्यावर घेऊन आलास, पायाला फोड आले होते. बुधरीबाईनं तुला पाय धरू दिले नाहीत. "माफी कायची, पोरगी वाचली," म्हणाली आणि तुझेच फोड धुवायला बसली. तू तिच्यासमोर रडलास. तिनं माफ केलं. मी बुधरी नाही. पेटी परत आली, डोळा नाही आला, आणि मंगली रोज सकाळी माझ्या बालवाडीसमोरून मान एका बाजूला वळवून जाते, तिच्या उजव्या हाताला मी उभी असले तर दिसावी म्हणून. ते पाहिलं की तुझ्यावरचा राग पुन्हा ताजा होतो. माझ्यावरचाही. ते दोन-दोनचे आकडे मी चार लिहिले असते तरी काही बदललं नसतं, पण लिहायला हवे होते.

तुमच्या संस्थेचं फेरमापन ऑक्टोबरात झालं नाही. कुणी आलंच नाही. कुलपाचा खुलासा मात्र दोनदा मागितला. मी दोन्ही वेळा एकच ओळ लिहून पाठवली, 'कुलूप मजबूत होते.'

मग मी माझंच मापन केलं. बालवाडीच्या वहीची वीस पानं फाडली आणि त्याच एकोणीस घरी गेले, विसावं पान माझं. एकच प्रश्न. वेळ आली तर कुणाला हाक माराल? अठरा जणांनी सांगितलं, बुधरीले. बुधूनंही. नाक्यावरचा मुखरू धान न्यायला आला होता, न विचारता म्हणाला, "माझंही लिवा बाई, बुधरीबाई." तो वीसात नाही, पण लिहिलं.

एकोणिसावी बुधरी. तिला विचारलं, "तुमच्यावर वेळ आली तर?" तिनं क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, "मंगलीले."

मला आधी वाटलं सून म्हणून म्हणते. तसं नव्हतं. दवाखान्यातून आल्यापासून मंगली तिच्या मागे-मागे असते, पाणी उकळते, कापड धुते. मी लक्ष दिलं नव्हतं.

परवा धान कापताना सुगंधाबाईच्या पायात विळा घुसला. थेट तुझ्यासारखा, पोटरीच्या खाली. बुधरी बाहेरगावी होती. पोरं धावत माझ्याकडे आली, मी पेटी घेऊन निघाले. पण बांधीवर जायच्या आधी ती पोरं मडाव्यांच्या दाराशी थांबली आणि त्यांनी हाक मारली, "मंगली, चाल!"

मंगली सुपानं धान पाखडत होती. तिनं एका डोळ्यानं आमच्याकडे पाहिलं.

"मी कोण?" ती म्हणाली. "मले काय येते?"

आणि सूप बाजूला ठेवून तिनं पदर खोचला.

आता तू सांग, माझ्या विसाव्या पानावर कुणाचं नाव लिहू?

रंभाबाई